शिक्षक दर आठवड्याला ‘लय मागे पडतेय’ लिहितात? हाताला दोष देण्याआधी हे तपासा

ऑनलाइन जॅझ-ब्लूज गिटार शिकणाऱ्यांची एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. धडा बघितला, बॅकिंग ट्रॅकवर (साथीच्या तयार रेकॉर्डिंगवर) वाजवलं, व्हिडिओ शिक्षकांना पाठवला. उत्तर आलं, ‘छान, पण लय मागे पडतेय.’ आठवडाभर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र किंवा अ‍ॅप) लावून तेच बारा बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे बारा भाग, घोटले, पुन्हा पाठवले, पुन्हा तेच उत्तर. मग कोणी कोथरूडहून, कोणी पिंपळे सौदागरहून गिटार पाठीला लावून येतं आणि म्हणतं, “दादा, मी तर ट्रॅकबरोबरच वाजवतोय.” समोर बसवून वाजवायला सांगितलं की बऱ्याच वेळा खरोखरच बरोबर असतं.

तुमची बोटं आणि शिक्षकांचे कान यांच्यामध्ये फोन, हेडफोन, अ‍ॅप आणि खुद्द गिटार एवढ्या गोष्टी असतात. दोष यांतल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो. आधी यंत्रांची शंका मिटवा, मग हाताकडे वळा, एवढंच माझं सांगणं आहे. याबद्दल मला कळकळ वाटते, कारण उलट क्रमाने गेलेल्यांचं नुकसान मी पाहिलं आहे. लय मुळात बरोबर असलेला माणूस ‘मागे पडतेय’ ऐकून मुद्दाम पुढे रेटायला लागतो, आणि काही महिन्यांत चांगला हात बिघडतो. तो परत जागेवर आणायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

लक्षणं

तुमच्या बाबतीत यांतलं काय घडतंय ते आधी बघा.

- हेडफोन लावून वाजवताना सगळं तालात वाटतं, पण तयार व्हिडिओत गिटार पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत सारखीच मागे ऐकू येते.
- सुरुवात जमते, पण आवर्तन संपेपर्यंत गिटार ट्रॅकच्या पुढे किंवा मागे सरकलेली असते.
- शिक्षक म्हणतात, दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा जोर ऐकूच येत नाही.
- लांब धरलेली कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) मधेच बुडते.
- कॉर्ड वेळेवर पडतात, फक्त सोलोमधले बेंड (तार ओढून चढवलेले सूर) उशिरा वाटतात.
- ‘स्विंग येत नाही, सरळ वाजतंय’ असा शेरा येतो. (स्विंग म्हणजे ठोक्यातला दुसरा सूर थोडा उशिरा टाकायची जॅझची झुलती चाल.)

यांतली पहिली दोन लक्षणं वेगळी ओळखता आली तर अर्धं काम होतं. व्हिडिओतला पहिला बार आणि बारावा बार लागोपाठ ऐका आणि ट्रॅकमधल्या ड्रमपासून तुमची कॉर्ड किती लांब पडतेय ते बघा. अंतर दोन्हीकडे सारखंच असेल तर दोष जवळजवळ नक्की यंत्राचा, कारण माणसाचा हात बारा बार एकसारखा चुकत नाही. अंतर कमी-जास्त होत असेल तर दोष हाताचा.

एक गोष्ट आत्ताच बाजूला काढू. लाइव्ह धड्यात शिक्षकांबरोबर एकाच वेळी वाजवून लय तपासायला जाऊ नका. पुण्याहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सगळं आदर्श असलं तरी एका दिशेला साठ मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो. प्रत्यक्षात केबलचा मार्ग वळणावळणाचा असतो आणि व्हिडिओ कॉलची स्वतःची प्रक्रिया त्यात भर घालते. आळीपाळीनेच वाजवायचं. शिक्षक कोथरूडचेच असले तरी व्हिडिओ कॉलवर हाच नियम.

पहिली तपासणी: ब्लूटूथ काढा

फुकटची आणि सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारी तपासणी हीच.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो. मॉडेलनुसार फरक पडतो, पण साधारण १५० ते २५० मिलिसेकंद धरून चाला. व्हिडिओ बघताना हे लक्षात येत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो, त्यामुळे ओठ आणि आवाज जुळतात. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र तुम्ही कानात उशिरा आलेल्या ट्रॅकवर वाजवता आणि अ‍ॅप तुमची गिटार मूळ ट्रॅकला जोडतं. तुम्ही अगदी ठोक्यावर वाजवलेलं असूनही ते तेवढंच मागे पडतं.

हे किती महाग पडतं त्याचा हिशेब करू. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. स्विंगमध्ये त्या ठोक्याचे तीन भाग मनात धरतात, म्हणजे एक भाग साधारण १६७ मिलिसेकंद. ब्लूटूथचा उशीर साधारण या एका भागाएवढा किंवा त्याहून मोठा असतो. तुमची पहिल्या ठोक्यावरची कॉर्ड शिक्षकांना त्या ठोक्याच्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागाच्या आसपास ऐकू येते. ज्या संगीताचा सगळा जीव या तीन भागांच्या खेळात आहे, तिथे ही चूक लपत नाही.

करायचं असं: हेडफोन पूर्ण काढा. ट्रॅक दुसऱ्या फोनवर किंवा स्पीकरवर मोठ्याने लावा, शेजारी बसून गिटार वाजवा आणि दोन्ही आवाज एकाच फोनच्या माइकमध्ये घ्या. इथे ब्लूटूथ स्पीकरही चालतो, कारण उशीर व्हायचा तो आवाज खोलीत यायच्या आधीच होऊन गेलेला असतो, आणि जे तुम्ही ऐकता तेच माइक ऐकतो. स्पीकर थोडा लांब असला तरी काळजी नको. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तेवढ्याने काही बिघडत नाही.

हा व्हिडिओ बरोबर आला तर रोग सापडला. यापुढे वायरचे इअरफोन वापरा. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो, फक्त तिथेच स्वतःच्या फोनला लावून ट्रॅक ऐकून घ्या, कारण प्रत्येक कन्व्हर्टर प्रत्येक फोनवर चालत नाही. घरी आणून वायर लावूनही थोडं सारखं अंतर राहिलं तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लेटन्सी (आवाजाचा उशीर) भरून काढायची सोय आहे का ते बघा. बऱ्याच रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये असते.

दुसरी तपासणी: फोन तुमच्या आवाजाचं काय करतोय

फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो बारीक आवाज वर उचलतो, मोठा आवाज खाली दाबतो आणि जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला पंख्याची घरघर समजून कापतो. ब्लूज शफलमध्ये (ब्लूजच्या झुलत्या ठेक्यात) दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर तुम्ही दिलेला जोर फोन असा सपाट करून टाकतो. धरलेली कॉर्ड बुडते ती यामुळेच. शिक्षकांना जोर ऐकू येत नाही, म्हणून त्यांना ठोका नेमका कुठे पडला हेही कळत नाही, आणि ते लिहितात ‘लय ढिली आहे’. त्यांचा शेरा त्यांनी ऐकलेल्या आवाजापुरता अगदी खरा असतो.

झूमवर धडा असेल तर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये नॉइज रिडक्शन (गोंगाट कापणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) बंद करा. फोन गिटारपासून हात-दीड हात लांब ठेवा, साउंडहोलच्या अगदी तोंडाशी नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवत असाल तर व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

एप्रिल-मे महिन्यात छताच्या पंख्याकडेही लक्ष द्या. पंख्याच्या बरोबर खाली बसून वाजवलं तर पाती आवाज कापत जातात आणि प्रत्येक कॉर्डमध्ये थरथर येते. एका टेकपुरता, म्हणजे एका रेकॉर्डिंगपुरता, पंखा बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे.

स्वतःचं रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर तपासू नका. गिटारच्या जाड तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही. खालच्या तारांवरची चाल ऐकूच आली नाही तर तिच्या लयीबद्दल काय ठरवणार?

तिसरी तपासणी: तारा आणि सूर

लयीच्या तक्रारीत सुराचं काय काम, असं वाटेल. बेंडमध्ये काम आहे. आपल्या कानाला मींडेची सवय असते, त्यामुळे सूर जागेवर पोहोचेपर्यंत आपण तार ओढत राहतो. गिटार थोडी उतरलेली असेल, तारा गंजलेल्या किंवा तुमच्या बोटांना फार जाड असतील, तर सूर गाठायला जास्त वेळ लागतो आणि तो वाक्यांशच उशिरा संपतो. शिक्षकांना ऐकू येतो तो उशीर. त्याचं मूळ तारेत आहे हे व्हिडिओवरून त्यांना समजणं कठीण असतं.

आधी ट्यूनर अ‍ॅपवर ४४० हर्ट्झची प्रमाण पट्टी लावून गिटार सुरात घ्या. घरच्या जुन्या पेटीवरून लावण्याची सवय अनेकांना असते. ती पेटी ४४० ला असेलच असं नाही, आणि बॅकिंग ट्रॅक बहुधा त्यालाच असतो. पावसाळ्यात पुण्यातल्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. बोट फिरवून खरखर लागली तर संच बदला. इलेक्ट्रिक गिटारवर १० जाडीचा तारांचा संच जड जात असेल तर त्याहून बारीक, ९ चा लावून बघा, त्यात कमीपणा काही नाही. बेंड करून सोडल्यावर तार सुरात परत येत नसेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. तार तिथे अडकत असते, शिशाने ती सुटी होते.

चौथी तपासणी: घड्याळ

यंत्रं, तारा ठीक निघाल्या, आता हात. (ऑडिओ इंटरफेसची किंवा गिटारच्या मानेची शंका असेल तर आधी सहावी-सातवी तपासणी करून या.) ट्रॅक बंद करा. बारा बारचं एक आवर्तन म्हणजे ४८ ठोके. मिनिटाला १२० च्या लयीत त्याला २४ सेकंद लागतात, दोन आवर्तनांना ४८. मेट्रोनोमवर चार ठोके ऐका, तो बंद करा आणि ए मधला साधा ब्लूज वाजवून स्टॉपवॉच लावा. ४६ सेकंदांत संपलं तर तुम्ही पळताय, ५० लागले तर रेंगाळताय. इथे कोणाच्या मताचा प्रश्नच येत नाही, म्हणून ही तपासणी मला फार आवडते.

मग रेकॉर्डिंग ऐकून नेमकं कुठे सरकताय ते शोधा. माझ्या अनुभवात तीन जागा आहेत. पहिल्या चार बारमध्ये एकच कॉर्ड असते, तिथे हात मोकळा असतो म्हणून माणूस पळतो. पाचव्या बारला डी सेव्हन ही दुसरी कॉर्ड येते, तिथे बोटं बसेपर्यंत क्षणभर थांबतो. आणि शेवटच्या दोन बारमधल्या टर्नअराउंडला (सुरुवातीकडे परत नेणाऱ्या तुकड्याला) परत पळतो, कारण घर जवळ आलेलं दिसतं. पळणं आणि थांबणं एकमेकांना भरून काढतं, त्यामुळे एकूण वेळ २४ सेकंदच भरूनही आतून लय डगमगते. म्हणून स्टॉपवॉचवर भागवू नका, ऐका.

पाचवी तपासणी: ठोका मनात कुठे आहे

इथे थोडं थांबू, कारण मराठी घरात वाढलेल्या शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त अडतं ते इथे.

आपला कान सम शोधतो. जोराचा आघात आला की तो पहिला, असं आपण न कळत धरतो. जॅझ-ब्लूजमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असते. मेट्रोनोमची प्रत्येक टिकटिक पहिली समजून सराव केला तर हात तालात राहतो, पण संगीताचं वजन चुकीच्या जागी पडतं. शिक्षकांना ते ‘मागे’ किंवा ‘सरळ’ ऐकू येतं.

उपाय जुना आहे आणि तोच खरा आहे. १२० च्या लयीसाठी मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याची टिकटिक दुसरा आणि चौथा ठोका समजा. तोंडाने ‘एक, टिक, तीन, टिक’ म्हणा. बहुतेकांना गिटार हातात न घेता हे नीट म्हणायला काही दिवस जातात. जाऊ द्या. ते आल्याशिवाय गिटार उचलू नका असं मी स्पष्ट सांगतो, आणि ज्यांनी ऐकलं त्यांचे शेरे बदलले.

त्यानंतर स्विंग. एका ठोक्यात ‘त-कि-ट’ म्हणा आणि ‘त’ व ‘ट’ वर वाजवा, ‘कि’ मनात ठेवा. मध्यम लयीला हे चालतं. लय वाढवत नेली की दोन सुरांमधला हा फरक कमी होत जातो आणि फार द्रुत लयीत ते जवळजवळ समान होतात. २४० ला हट्टाने ‘तकिट’ धरून ठेवलं तर ते अडखळल्यासारखं वाजतं.

एका कामासाठी एकच उदाहरण ऐकायला सांगेन. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये अमेरिकन पियानोवादक काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात आला आणि १९८७ मध्ये वारला तोपर्यंत तिथे मुख्यतः बारला चार ठोके वाजवत राहिला. सोलो जवळजवळ नाहीच. त्याच्याबरोबर एक पूर्ण आवर्तन फक्त चार-चार ठोके वाजवा आणि प्रत्येक ठोक्यानंतर डाव्या हाताचा दाब सैल करा, म्हणजे कॉर्ड आखूड होते. दोष बहुधा कॉर्ड कधी सुरू होते यापेक्षा कधी संपते यात असतो. सूर लांबला की पुढचा ठोका आपोआप उशिरा वाटतो. ‘मागे पडतेय’ची कितीतरी प्रकरणं या डाव्या हातानेच सुटतात.

आणखी एक. सोलोमध्ये मुद्दाम ठोक्याच्या किंचित मागे वाजवणं ही या संगीतातली मान्य रीत आहे. म्हणून शिक्षकांना नेमकं विचारा, साथ मागे पडतेय की सोलो? साथ मागे पडणं दोष आहे. सोलोबद्दल ते कदाचित एवढंच सांगत असतील की मागे राहा, पण सुटू नका. प्रश्न पाठवताना जागा लिहा: ‘दुसरं आवर्तन, पाचवा बार, तिसरा ठोका’. सोबत दोन टेक द्या, एक स्पीकरवरच्या ट्रॅकबरोबर आणि एक नुसत्या मेट्रोनोमबरोबर. मोघम व्हिडिओला मोघमच उत्तर येतं, आणि महिन्याला मोजकेच व्हिडिओ तपासून मिळत असतील तर ते वाया जातात.

सहावी तपासणी: संगणक आणि ऑडिओ इंटरफेस

ऑडिओ इंटरफेस म्हणजे गिटार संगणकाला जोडणारी पेटी. ती वापरत नसाल तर पुढे जा. वापरत असाल तर बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा) बघा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे नमुने) २५६ चा बफर म्हणजे एका दिशेला सुमारे ५.३ मिलिसेकंद. तेवढं चालतं. १०२४ असेल तर २१ होतात, जाऊन-येऊन ४० च्या वर, आणि हाताला जडपणा जाणवतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि डायरेक्ट मॉनिटरिंगची (गिटार संगणकात न जाता थेट ऐकण्याची) सोय असेल तर ती चालू करा. शेवटी आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल जोडा, मेट्रोनोम वाजवून तोच रेकॉर्ड करा आणि दोन्ही टिकटिकींमधलं अंतर मोजा. ते अंतर सॉफ्टवेअरमध्ये भरपाई म्हणून टाकता येतं. यासाठी आधी नवीन इंटरफेस विकत घेऊ नका.

सातवी तपासणी: गिटारची मान

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, बोट हलकेच टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर सारखे यायला हवेत. नव्या तारा घालूनही फरक राहत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) सरकवायला हवी. इलेक्ट्रिक गिटारवर हे स्क्रू ड्रायव्हरने घरी जमतं. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर कॉर्ड बदलायला वेळ लागतो आणि पाचव्या बारमधला तो क्षणभराचा थांबा कितीही सराव केला तरी जात नाही. पुण्यात पावसाळ्यातली ओल आणि मार्च-एप्रिलमधल्या दुपारचा कोरडेपणा यांत लाकूड फुगतं आणि आकसतं. वर्षभर भिंतीला टांगलेल्या गिटारची मान म्हणूनच जागेवर राहत नाही. वाजवून झालं की ती केसमध्ये ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मानेचा वाक सुधारायला तिच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवत असाल आणि तो पाव फेरीत फिरला नाही तर जोर लावू नका. तो तुटला तर दुरुस्ती गिटारच्या किमतीइतकी होऊ शकते. अकूस्टिकचा ब्रिज उचलला असेल, पोट फुगलं असेल किंवा मानेच्या जोडात चीर दिसत असेल, तर तारा सैल करून गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. घरी गोंद भरू नका. चुकीचा गोंद काढायलाच त्याला जास्त वेळ लागतो.

तारांना किंवा अ‍ॅम्पच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मुख्य बटण बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. पेठांमधल्या जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. गुणगुण कमी करायला प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा दाब शिल्लक असू शकतो.

बोटांना बधिरपणा, मनगटात कळ, रात्री हाताला मुंग्या येत असतील तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. बोटांची टोकं दुखणं नव्या शिकणाऱ्याला होतंच, पण बधिरपणा ही वेगळी गोष्ट आहे.

आणि या सगळ्यातून पार पडूनही, स्पीकरवरच्या स्वच्छ टेकमध्ये लय प्रत्येक बारला बदलत असेल, तर आणखी व्हिडिओ पाठवत राहू नका. ऑनलाइन शिक्षकांना तसं स्पष्ट कळवा आणि शहरातल्या एखाद्या जॅझ वाजवणाऱ्या गिटारवादकाबरोबर किंवा ड्रमरबरोबर समोरासमोर दोन-तीन बैठका करा. शेजारी बसलेला माणूस तुमचा पाय, खांदा आणि श्वास बघतो, आणि पाचव्या बारला तुम्ही श्वास धरून ठेवताय हे त्याला तिथल्या तिथे दिसतं. बैठकीत जे सापडेल ते ऑनलाइन शिक्षकांना लिहून पाठवा, म्हणजे पुढचा धडा ते तिथूनच सुरू करू शकतील.